संगणकाची भाषा आधुनिक केव्हा म्हणावी?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका हायस्कूलच्या मास्तराला बोलावून आपण माझा जो सन्मान केला, त्याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. याच सभागृहात मागच्या रांगेत बसून मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. संतवाङ्मय, इतिहास, नाटक, आरोग्य असे ते विषय असत. आजचा विषय त्या मानाने रुक्ष आहे, आणि तो मी निवडलेला नाही. तो विश्वस्त मंडळाच्या एका ठरावातून निघाला आहे.

झाले असे, की आपल्या वाचनालयाच्या माडीवर एका देणगीदार कुटुंबाच्या साहाय्याने दहा संगणकांची खोली तयार होत आहे. तेथे आपल्या मुलामुलींना प्रोग्रॅम लिहिण्यास शिकवावे असे ठरले. मग भाषा कोणती, असा प्रश्न आला, आणि "आधुनिक भाषा शिकवावी" असा ठराव एकमताने मंजूर झाला. ठराव लिहून होताच आपले सर्वांत वडील विश्वस्त चष्मा काढून मला म्हणाले, "सर, ठराव झाला खरा, पण आधुनिक म्हणजे कोणती हे ओळखायचे कसे? नवी निघाली ती आधुनिक म्हणावी, तर पुढच्या वर्षी आणखी एक निघेल. मग पुन्हा ठराव करायचा काय?"

सगळे हसले. मीही हसलो. परंतु त्या प्रश्नाचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, म्हणून आज देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या घरी दख्खनी बोलतात, शाळेत मी मराठीतून शिकवतो आणि खडेबाजारात कानडीवाचून पान हलत नाही. यांतली आधुनिक कोणती, असे कोणी मला विचारीत नाही. बोलीभाषा जितकी जुनी तितकी समृद्ध, असेच आपण मानतो. संगणकाच्या भाषेचे मात्र तसे नाही. ती माणसांनी ठरवून, विशिष्ट साली, विशिष्ट अडचण दूर करण्यासाठी केलेली असते. यंत्राला स्वतःला फक्त आकडे कळतात. आपण लिहिलेल्या शब्दांचे त्या आकड्यांत रूपांतर करणारा जो दुभाषी प्रोग्रॅम, त्याला कंपायलर म्हणतात. 1957 साली आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान ही भाषा पुरी केली, आणि शास्त्रज्ञांना गणिताच्या सूत्रासारखे काहीतरी लिहून यंत्राकडून काम करवून घेता येऊ लागले. दोन-तीन वर्षांत हिशेबाच्या कामासाठी कोबोल आली. त्यानंतर किती आल्या याची गणती नाही. जाहिरातीत ज्यांची नावे आपण पाहता त्या पायथॉन, जावा, कोटलिन, रस्ट या सगळ्या त्याच वंशातल्या.

आता वंशावळ बाजूला ठेवून मी आपणांस माझी एक चूक सांगतो. ही मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

2004 साली मी नोकरीत नवा होतो. कॉलेजात सी भाषा शिकून आलेलो होतो, अंगात उत्साह होता, आणि शाळेत एक संगणक झाकून ठेवलेला होता. वार्षिक निकालाचे तक्ते शिक्षक हाताने करीत, त्यात दोन-तीन रात्री जात. मी म्हटले, याचा प्रोग्रॅम करतो. माझ्या वर्गात चाळीस मुले. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये गणिताच्या गुणांसाठी चाळीस घरे मागितली, विज्ञानासाठी चाळीस, भाषेसाठी चाळीस, याप्रमाणे. संगणकाची मेमरी म्हणजे एक लांबच लांब चाळ आहे असे समजा. पहिल्या चाळीस खोल्या गणिताच्या, त्यांना लागून पुढच्या चाळीस विज्ञानाच्या.

जानेवारीत बदलीच्या कुटुंबातला एक मुलगा वर्गात आला. तो एक्केचाळिसावा. निकालाच्या वेळी प्रोग्रॅमने विचारले, "विद्यार्थी किती?" मी ऐटीत 41 असे दाबले. खोल्या मात्र चाळीसच होत्या, आणि त्या वाढवायला मी विसरलो होतो. विज्ञानाचे गुण आधी भरून झाले होते. मग गणिताचे भरले. तो नवा मुलगा गणिताच्या पेपराला आजारी होता, म्हणून त्याच्यापुढे शून्य घातले. सी भाषेने ते शून्य घेतले आणि एक्केचाळिसावी खोली शोधायला निघाली. गणिताच्या चाळीस खोल्यांनंतर जी पुढची खोली लागली ती विज्ञानाची पहिली. तेथे पटावरच्या पहिल्या क्रमांकाच्या मुलीचे एकाहत्तर गुण राहत होते. ते बाहेर काढून भाषेने तेथे शून्य बसवले. या सगळ्यात तिने हूं की चूं केले नाही. तक्ता सुबक छापून आला. पहिल्याच ओळीत लिहिलेले होते: विज्ञान शून्य, अनुत्तीर्ण.

चौथ्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन शाळेत आली. म्हणाली, "सर, विज्ञानाच्या बाईंनी मला एकाहत्तर सांगितले होते." यावर मी काय उत्तर दिले ते मला आजही शब्दशः आठवते. मी म्हणालो, "बाळ, संगणक चुकत नाही."

तिची आई जाता जाता एवढेच बोलली, की हिच्या वडिलांनी सांगितले आहे, आता शाळा पुरे. त्या वाक्याने मला चैन पडेना. संध्याकाळी पेपरांचा गठ्ठा सोडला, तर एकाहत्तर तांबड्या शाईत लिहिलेले. मुख्याध्यापकांनी त्याच रात्री निकाल दुरुस्त करून दिला आणि मी तो घेऊन तिच्या घरी गेलो. वडील समजूतदार निघाले. पण वह्यापुस्तके एव्हाना चुलत बहिणीला देऊन झाली होती, ती मागून आणावी लागली. पुढे ती शिकली. मात्र त्या चार दिवसांत तिला घरात काय ऐकावे लागले असेल ते मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

दोष कोणाचा? माझाच. खोल्या मी मोजल्या नाहीत, तक्ता मी ताडून पाहिला नाही, आणि वर मुलीलाच खोटे पाडले. यातून मला सुटका नको आहे. परंतु नंतर दोन रात्री जागून चूक शोधल्यावर एक दुसरा विचार मनात आला, तो आजच्या विषयाशी संबंधित आहे. माणूस विसरणारच. चाळीस खोल्या मागून एक्केचाळीस पाहुणे पाठवणारच. मग ज्या भाषेत तो काम करतो ती भाषा अशा वेळी काय करते? गप्प राहते, की हात धरते? मी हीच परीक्षा लावतो. माणसाच्या विस्मरणाचा भार जी भाषा स्वतःवर घेते, आणि चूक झालीच तर मुकाट्याने पुढे न जाता जागच्या जागी थांबून ओरडते, ती आधुनिक. तिच्या जन्माचे साल मी दुय्यम मानतो.

हे मी मनाने रचलेले नाही. इंग्लंडमध्ये एलियट ब्रदर्स नावाच्या संगणक कंपनीत टोनी होर हे तरुण गृहस्थ कामाला होते. 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्या गटाने कंपनीच्या 803 या यंत्रासाठी आल्गोल 60 या भाषेचा कंपायलर केला. त्या यंत्राची मेमरी आजच्या साध्या मोबाईलच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी लहान होती. तरीही होर यांनी ठरवले, की प्रोग्रॅम चालू असताना प्रत्येक वेळी, मागितलेली खोली हद्दीत आहे की नाही हे तपासूनच आत जाऊ द्यायचे. यात वेळ जाई. काही वर्षांनी त्यांनी गिऱ्हाइकांना विचारले, की वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय करून देऊ का? गिऱ्हाइकांनी एकमुखाने नकार दिला. आपल्याच चालू प्रोग्रॅममध्ये असल्या चुका किती वारंवार सापडतात, हे ते अनुभवाने शिकले होते. 1980 साली संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना होर यांनी ही हकिगत सांगितली, आणि एवढ्या वर्षांनंतरही भाषा रचणारे व वापरणारे हा धडा शिकले नाहीत याबद्दल खेद व्यक्त केला.

मंडळी, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच्या त्या यंत्रावर माझा एक्केचाळिसावा विद्यार्थी दारातच अडवला गेला असता, आणि 2004 साली माझ्या टेबलावरच्या हजारो पट मोठ्या यंत्रावर तो बिनदिक्कत दुसऱ्याच्या घरात शिरला. मग जुने कोणते आणि आधुनिक कोणते?

सी भाषेवर मी अन्याय करीत आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीमध्ये डेनिस रिची यांनी ती 1972 च्या सुमारास घडवली, ती युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी. यंत्राच्या अगदी जवळ जाऊन, कमीत कमी जागेत, जास्तीत जास्त वेगाने काम करायचे होते, आणि वापरणारे सर्व निष्णात होते. हत्यार त्या कामाला साजेसेच होते. आजही लिनक्सचा गाभा मुख्यतः सीमध्ये आहे, आणि पायथॉनचा प्रचलित दुभाषीही सीमध्येच लिहिलेला आहे. निष्णात न्हाव्याचा वस्तरा पोराच्या हाती दिला तर तो दोष वस्तऱ्याचा नव्हे.

पण पुढे असे दिसून आले, की निष्णातांचे हातही कापतात. नोव्हेंबर 1988 मध्ये एका विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. त्याने आत शिरायला जे मार्ग वापरले त्यांतला एक म्हणजे हद्द न तपासता मजकूर स्वीकारणारी सी भाषेतली एक आज्ञा. 2014 साली ओपन-एस.एस.एल. या प्रोग्रॅममधला दोष उघडकीस आला. जगातल्या अनेक संकेतस्थळांचे गुप्त दळणवळण या प्रोग्रॅमवर चालत असे. समोरच्याने जितकी अक्षरे परत मागितली तितकी त्याने खरोखरच पाठवली होती काय, एवढी एक तपासणी राहून गेली होती. त्यामुळे शेजारच्या खोल्यांतली गुपिते, एका वेळी 64 किलोबाइटपर्यंत, मागणाऱ्याच्या हाती जात. आणि 2019 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या लोकांनी जाहीर केले, की दरवर्षी त्यांच्या मालात सापडणाऱ्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे 70 टक्के दोष मेमरीच्या अशाच घोटाळ्यांतून येतात. ही जगातली उत्तम पगाराची, उत्तम शिकलेली माणसे. तेव्हा "नीट लक्ष देऊन लिहा" हा उपदेश पुरेसा नाही. मी वर्गात तो रोज करतो, म्हणून अधिकाराने सांगतो.

हे घोटाळे टाळण्याचा एक मार्ग पूर्वीच सापडला होता. जॉन मॅकार्थी यांनी 1958 पासून जी लिस्प भाषा घडवली, तिच्यात वापरून झालेल्या खोल्या आपोआप रिकाम्या करून घेण्याची व्यवस्था होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने किल्ल्या सांभाळत बसायला नको. पायथॉन 1991 साली आणि जावा 1995 साली आली, तेव्हा त्या दोघींनी हीच युक्ती सर्वांच्या हाती दिली, आणि हद्दीची तपासणीही ठेवली. मी 2004 साली जावा वापरली असती, तर एक्केचाळिसाव्या नोंदीला प्रोग्रॅम तिथेच थांबला असता आणि कितव्या ओळीत घोटाळा आहे ते सांगून मोकळा झाला असता. ती मला ठाऊक नव्हती असे नाही. सी येते याचाच मला जास्त अभिमान होता.

दुसरा मार्ग अलीकडचा आहे. ग्रेडन होर (आडनाव तेच, पण हे निराळे गृहस्थ) व्हँकुव्हर शहरात उंच मजल्यावर राहत. एकदा घरी आले तर लिफ्ट बंद, कारण तिचा प्रोग्रॅम कोसळलेला. जिने चढता चढता त्यांच्या मनात आले, की लिफ्टचा प्रोग्रॅम न कोसळण्याजोगा लिहिता येऊ नये हे काय? त्यातून 2006 साली त्यांनी रस्ट या भाषेला हात घातला, आणि तिची पहिली पक्की आवृत्ती मे 2015 मध्ये निघाली. तिचा मुख्य नियम आपल्या मुनीमजींना ताबडतोब पटेल. जमाखर्चाची वही एका वेळी कितीही जणांनी पाहावी, पण एकजण लिहीत असेल तर त्या वेळी दुसऱ्या कोणी तिच्यात डोकावू नये, आणि वहीचा एकच धनी असावा, त्याचे काम संपले की वही मिटावी. हा नियम कोणी मोडला आहे काय, हे कंपायलर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच तपासतो, आणि मोडला असेल तर प्रोग्रॅम तयारच करून देत नाही. चालू असताना खोल्या झाडणारा नोकर मग लागत नाही, त्यामुळे वेगही सीच्या तोडीचा राहतो. डिसेंबर 2022 पासून लिनक्सच्या गाभ्यातही या भाषेला प्रवेश मिळाला. मात्र तिचे शिक्षण कष्टाचे आहे. मी स्वतः एका सुट्टीत ती शिकायला बसलो, तेव्हा पहिले आठ दिवस मी लिहीत होतो आणि ती नाकारीत होती. माझ्या पत्नीने विचारले, हे शिकणे चालले आहे की भांडण?

आणखी एक प्रकार सांगतो, कारण तो आपल्या न्यासाच्या कामाला लागू आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना असतो. तो भरलेला असणारच असे धरून प्रोग्रॅम लिहिला, आणि मग जिचे वडील कागदोपत्री कोठेच नाहीत अशा मुलीचा अर्ज आला, तर काय होईल? रिकाम्या जागी हात घालून प्रोग्रॅम कोसळेल, बहुधा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी. अशी "काहीच नाही" दर्शवणारी खूण भाषेत कोणीही, केव्हाही वापरावी, ही सोय 1965 साली प्रथम ज्यांनी करून दिली, ते पुन्हा टोनी होरच. करायला सोपी होती म्हणून मोह झाला, असे त्यांनी 2009 साली लंडनच्या एका सभेत स्वतःच सांगितले, आणि ती आपली अब्ज डॉलरची चूक म्हणून पदरात घेतली. एवढ्या मोठ्या माणसाने भरसभेत असे म्हणावे, याचे मला फार मोल वाटते.

आजच्या कोटलिन आणि स्विफ्ट या भाषांनी यावर तोड काढली आहे. जो रकाना रिकामा असू शकतो त्याच्या प्रकाराच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावावे लागते. आणि एकदा ते लावले, की "रिकामा असेल तर काय करायचे" हे लिहिल्याशिवाय कंपायलर त्या रकान्यातला मजकूर सरळ वापरू देत नाही. म्हणजे वडील नसलेल्या मुलीचा विचार प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच करावा लागतो. या कल्पनेचे मूळसुद्धा जुने आहे. एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर यांच्या गटाने 1970 नंतरच्या दशकात एम.एल. नावाची भाषा केली, तिच्या परंपरेत अशा गोष्टी रुजल्या होत्या. बाजारात यायला त्यांना तीस-चाळीस वर्षे लागली इतकेच.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग कडक भाषा घेतली की निश्चिंत झालो. तसे नाही. 4 जून 1996 रोजी युरोपचा एरियान-5 हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटला. त्याचा प्रोग्रॅम आडा या अत्यंत शिस्तीच्या भाषेत होता. आधीच्या एरियान-4 साठी लिहिलेला एक भाग तसाच उचलून घेतला होता. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त, त्यामुळे तो आकडा ठरलेल्या लहान घरात मावेना. अशा सात आकड्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते आणि यंत्रावरचा भार वाचवण्यासाठी तीन तसेच सोडले होते, त्यांतला हा एक. भाषा ओरडली. पण ओरडली तर यंत्रच बंद करायचे, असे ठरवून ठेवले होते. मार्ग दाखवणारे यंत्र बंद पडले, त्याच्या जोडीला ठेवलेले दुसरेही त्याच कारणाने बंद पडले होते. भाषेने हात धरला तरी कोठे जायचे ते आपल्यालाच ठाऊक असावे लागते. माझ्या त्या निकालाचेच पाहा. भाषा कितीही चांगली असती, तरी बाईंनी दिलेल्या गुणांशी तक्ता ताडून पाहणे हे काम माझेच राहिले असते.

आता थोडे आपल्या अक्षरांविषयी. हा भाग मुलांना सर्वांत आवडतो. "शाळा" या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले पोर सांगेल, दोन. हाच प्रश्न सी भाषेच्या लांबी मोजणाऱ्या आज्ञेला आजच्या प्रचलित पद्धतीने लिहिलेला मजकूर देऊन विचारा, ती सांगते बारा. पायथॉनला विचारा, ती सांगते चार. स्विफ्टला विचारा, ती सांगते दोन. कोणीच खोटे बोलत नाही. सी मोजते बाइट, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथॉन मोजते चिन्हे: श, काना, ळ, काना. आणि स्विफ्ट मोजते ते, ज्याला वाचणारा माणूस अक्षर म्हणतो. पायथॉनमध्ये हा शब्द उलटा करायला सांगितला, की "ळाशा" न येता सुरुवातीलाच एक काना अधांतरी लटकतो आणि शेवटी बोडका श उरतो. मुले पोट धरून हसतात.

हसण्यावारी नेण्याची गोष्ट मात्र नाही. देवनागरी युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून तीत आहे, पण भाषांनी ती मनावर घ्यायला वेळ लावला. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीत साधा मजकूर म्हणजे नुसते बाइटच होते. तिथे आपल्या मुलांची नावे कापली जात, मात्रा तुटत. डिसेंबर 2008 मध्ये तिसरी पिढी निघाली, तिने सर्व मजकूर युनिकोड मानला. त्यासाठी जुन्या प्रोग्रॅमशी असलेला मेळ मोडावा लागला. जगभर कुरकुर झाली, आणि दुसऱ्या पिढीला निरोप द्यायला 1 जानेवारी 2020 उजाडावे लागले. अकरा वर्षे! एवढी किंमत देऊनही केलेला तो बदल मला योग्य वाटतो. ज्या भाषेला माझ्या विद्यार्थ्याचे नाव नीट लिहिता येत नाही, तिला मी आधुनिक म्हणणार नाही, मग ती कालच जन्मलेली का असेना.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुनी भाषा म्हणजे टाकाऊ भाषा नव्हे. कोबोलवर अनेक बँकांचे हिशेब आजही चालतात. 2020 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या काळात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले होते, आणि ते हाताळणारी यंत्रणा जुनी होती. निवृत्त झालेल्या माणसांची अशी आठवण व्हावी, यात आमच्यासारख्या मास्तरांना थोडे समाधान वाटते.

आता ठरावाकडे येतो. विश्वस्त मंडळाला माझी सूचना अशी आहे. आठवी-नववीच्या मुलांना पायथॉनपासून आरंभ करावा. ती मोफत आहे, हद्द तपासते, खोल्या स्वतः झाडते, आणि मराठी नावे सांभाळते. तिचा उणेपणा असा, की पुष्कळ चुका ती प्रोग्रॅम चालू झाल्यावरच दाखवते, आधी नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी कोटलिन द्यावी, म्हणजे प्रश्नचिन्हाची शिस्त लागेल, आणि मोबाईलवर चालणारे काहीतरी करून दाखवल्याचा आनंदही मिळेल. 2017 पासून गूगलने तिला अँड्रॉइडसाठी अधिकृत स्थान दिले आहे. या दोहोंसाठी कोणत्याही क्लासची महागडी पुस्तके घेण्याची आवश्यकता नाही. "तीन महिन्यांत आधुनिक भाषा" अशी पत्रके घेऊन जे पालक माझ्याकडे येतात, त्यांना मी हेच सांगत आलो आहे.

आणि दहांपैकी एका संगणकावर सी ठेवावी अशी माझी विनंती आहे. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मी प्रत्येक मुलाला त्यावर चाळीस घरांचा तक्ता करायला लावणार आहे, आणि मग सांगणार आहे, की वर्गात एक मुलगा नवीन आला आहे. पुढे काय होते ते त्यांचे त्यांना पाहू दे. कोणाच्या घरात कोण शिरले ते शोधून काढायला मी त्यांना एक आठवडा देईन. मला दोन रात्री लागल्या होत्या, पण माझ्या मागे तेव्हा घाई होती.

वर्ग शनिवारी दुपारी तीन वाजता भरेल. मुलींची नावे आधी नोंदवावीत, कारण दहाच जागा आहेत आणि मुलगे धावत येतात. कोणास काही विचारायचे असेल तर चहा होईपर्यंत मी इथेच आहे.